बंद खोलीपाशी थांबलेले वाचक

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पंधरा दिवसांपूर्वी एका नव्या गॉथिक, म्हणजे जुन्या वास्तूभोवती गूढ आणि भीती उभी करणाऱ्या, रहस्यकादंबरीवर लेख आला होता. कोकणातील एका जुन्या घराभोवती रचलेल्या या कादंबरीची ओळख करून देताना लेखकाने शेवटच्या परिच्छेदात असे म्हटले आहे की, या पुस्तकाबद्दल वाचकांमध्ये जी नाराजी दिसते तिचे मूळ पुस्तकात नाही; मोबाइलच्या सवयीने वाचकाचा धीर सुटला आहे, त्याला पानागणिक धक्का हवा असतो आणि संथपणे चढत जाणारी भीती त्याच्याने आता वाचवत नाही. हे वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. मी गोरेगावातील एका लहान सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात सव्वीस वर्षे काम करीत आहे. हीच कादंबरी गेल्या चार महिन्यांत माझ्या हातून वीस-बावीस वेळा बाहेर गेली आणि परत आली, आणि ती परत करताना वाचक काय बोलले हे मी स्वतः ऐकले आहे. त्या वाचकांवर अन्याय झाला आहे असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. कादंबरीचे व तिच्या लेखकाचे नाव मी घेत नाही. ज्यांनी आपली पुरवणी वाचली त्यांना ते ठाऊक आहे, आणि मला जे म्हणायचे आहे ते एका लेखकापुरते नाही.

प्रथम धीराविषयी. पुस्तक परत आले की त्याची पाने चाळून पाहण्याची आम्हा देवघेवीवर बसणाऱ्यांची सवय असते, कारण वाचक आत काय काय विसरून जातात याला गणती नाही. या कादंबरीच्या दोन प्रतींमधून मला चर्चगेटचे परतीचे तिकीट, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चांदी, एका शाळेच्या पालकसभेची सूचना आणि एक सुकलेले बकुळीचे फूल मिळाले. कोपरे दुमडलेली पानेही पुष्कळ होती. यांतल्या बहुतेक खुणा २१२ ते २४० या पानांच्या दरम्यान होत्या, आणि ही पाने कोणती हे कादंबरी वाचलेल्यांना सांगायला नको. माडीवरची बंद खोली २१२व्या पानावर उघडते. म्हणजे ज्या दोनशे पानांत फारसे काही घडत नाही, पाऊस पडतो, सासूबाई कमी बोलतात, रात्री विहिरीवरचा रहाट वाजतो, ती दोनशे पाने आमच्या वाचकांनी न कुरकुरता वाचली. कुणी लोकलमध्ये उभ्याने वाचली, कुणी रात्रपाळीत वाचली. पुस्तक बाजूला पडले ते त्यानंतर, जिथे कादंबरीचा वेग वाढतो, मारामारी होते, पाठलाग होतो तिथे. धीर सुटलेला वाचक पन्नासाव्या पानाच्या आतच पुस्तक परत आणून टेबलावर ठेवतो, हे मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगू शकते.

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी वाचकांची बैठक असते आणि जुलैच्या बैठकीसाठी हीच कादंबरी ठरली होती. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता, गाड्या उशिराने धावत होत्या, तरी सतरा माणसे आली. एरवी दहा-बारा येतात. ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. मुंबईत नोकरी करणारी एक तरुणी लग्न होऊन नवऱ्याच्या राजापूरकडील घरी राहायला जाते. नवऱ्याची पहिली बायको वारलेली आहे आणि तिच्याविषयी कुणी बोलत नाही. घरात सासू आहे, एक जुना गडी आहे आणि माडीवर कुलूप घातलेली एक खोली आहे, जिच्यातून रात्री पावले ऐकू येतात. नायिकेच्या हाती एका पूर्वजाची रोजनिशी लागते, तीत १८१५ च्या सुमारास त्याच घरात घडलेल्या एका मृत्यूची हकिगत आहे. पुढे खोली उघडते तेव्हा ती रिकामी निघते, आणि शेवटी असे कळते की नवऱ्याला एक जुळा भाऊ असून तो खोलीमागच्या चोरवाटेने ये-जा करीत असे व पहिल्या सुनेला त्यानेच सोमल (आर्सेनिक हे विष) घालून मारले. हा जुळा भाऊ ३०१व्या पानावर एका पत्रातून प्रथम प्रकट होतो. कादंबरी ३४० पानांची आहे.

बैठकीत सर्वांत आधी बोलल्या त्या मालवणकडच्या एक आजी. त्यांनी पुस्तकावर पेन्सिलने खुणा केल्या होत्या (वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत असा नियम आहे आणि मी तो त्यांना अनेकदा सांगितला आहे, परंतु या वेळी मला त्या खुणांचा उपयोग झाला). त्यांचा आक्षेप विजांवर होता. कादंबरीत नायिका आषाढात घरी येते आणि त्या पहिल्या रात्रीपासून प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगी वीज कडाडते. आजींचे म्हणणे असे की कोकणात गडगडाट असतो तो मृगाआधीच्या वळवात, नाहीतर हस्ताच्या परतीच्या पावसात. आषाढात विजा क्वचित, पाऊस मात्र अखंड. दिवस-दिवस एकाच आवाजात पाऊस पडत राहतो, त्या आवाजाखाली घरातले दुसरे कुठलेही आवाज बुडून जातात, शेजारच्या घरातून कुणी हाक मारली तरी ऐकू येत नाही, आणि चार-पाच दिवसांनी पाऊस क्षणभर थांबला की जी शांतता होते तिची भीती वाटते. त्या म्हणाल्या की लहानपणी त्यांना पावसाची भीती कधी वाटली नाही, पाऊस थांबला की वाटे. हे ऐकताना आमच्या खोलीत कुणी बोलत नव्हते आणि बाहेर पाऊस पडतच होता. कादंबरीच्या ३४० पानांत असा एक क्षण नाही, हे त्या वेळी सर्वांच्याच ध्यानात आले असावे.

महापालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक बाई सोमलावर बोलल्या. कादंबरीत पहिली सून रात्री दूध पिऊन झोपते आणि सकाळी शांत चेहऱ्याने मृत आढळते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. त्यांनी सांगितले की मारण्याइतका सोमल पोटात गेला तर माणूस झोपेत जात नाही. उलट्या आणि जुलाबांनी त्याचे हाल हाल होतात, आणि म्हणूनच पूर्वीच्या काळी सोमल दिलेला माणूस आणि पटकी (कॉलरा) झालेला माणूस यांत फरक ओळखणे अवघड जाई. पुढे त्या जे म्हणाल्या ते मला फार महत्त्वाचे वाटले. लेखकाने एवढे जरी माहीत करून घेतले असते, तर १८१५ च्या रोजनिशीतला तो मृत्यू पटकीचा म्हणून घरात दोनशे वर्षे सांगितला गेला असता, आणि आजची सून आजारी पडल्यावर वाचकाला एकाएकी दोन्ही मृत्यू जोडता आले असते. रोजनिशीला मग काही काम उरले असते. आत्ता ती कादंबरीत आहे, कारण अशा कादंबऱ्यांत रोजनिशी असते.

छपरांविषयी एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक बोलले. रोजनिशीत पूर्वज लिहितो की रात्री मंगळुरी कौलांवर कुणीतरी चालल्याचा आवाज आला. मंगळुरी कौले बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या कारखान्यांतून येऊ लागली ती १८६० च्या दशकात, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर पन्नासएक वर्षांनी. १८१५ मध्ये त्या घरावर नळे तरी असणार किंवा गवताचे शाकार. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी होत असे आणि त्यासाठी माणसे छपरावर चढत, तेव्हा घराचे कोणते वासे कुजले, माळ्यावर काय आहे, हे घरच्यांपेक्षा शाकारणाऱ्यांना अधिक ठाऊक असे. त्यांचा मुद्दा हा होता की, ज्या घरावर वर्षातून एकदा चार परके चढतात त्या घराच्या माडीवर चोरवाट असेल तर ती गावाला ठाऊक असणारच. संकष्टी करणाऱ्या एका काकांनी चंद्राचा घोळ दाखवला. नायिका वद्य नवमीच्या तिन्हीसांजेला विहिरीत चंद्राचे प्रतिबिंब पाहते. संकष्टीला म्हणजे वद्य चतुर्थीलाच चंद्रोदयासाठी नऊ-साडेनऊपर्यंत ताटकळावे लागते, मग नवमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराआधी कुठून येणार, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

जुळ्या भावाविषयी सर्वांचीच तक्रार होती. त्यातही महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी जे सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देते. कोकणातल्या वाडीत जुळे जन्मले आणि ते कुणाला कळले नाही असे कसे होईल? सुईण होती. सुवेर पाळले असेल. बारसे झाले असेल, तेव्हा दोन नावे ठेवली असतील. शाळेच्या दाखल्यात नाव आले असेल, रेशनकार्डावर आले असेल, आणि वडील गेल्यावर वारसनोंद करताना तलाठ्यापुढे ते आलेच असेल, कारण भावाचे नाव गाळून फेरफार करून घ्यायचा तर सारा गाव साक्षीला उभा राहतो. नायिकेने एकदा जरी सातबारा पाहिला असता तरी रहस्य ऐंशीव्या पानावर संपले असते. हे त्यांनी तळमळीने सांगितले, आणि पुढे असेही म्हणाले की, खरी भयंकर गोष्ट याच्या उलट लिहिता आली असती. सातबाऱ्यावर नाव आहे, त्या नावाचा माणूस मात्र कुणी पाहिलेला नाही, आणि विचारले की गावात प्रत्येक जण विषय बदलतो.

हे आक्षेप ऐकून कुणी म्हणेल की हा चुका काढण्याचा उद्योग झाला. मी तसे मानत नाही. आमच्या बैठकीतल्या माणसांनी चुका दाखवल्या त्या प्रत्येक ठिकाणी भीती कुठे दडलेली होती तेही दाखवले, आणि लेखक तिच्या शेजारून निघून गेला याचे त्यांना वाईट वाटले. वीज, चंद्र, मेणबत्ती, करकरणारे दार हे सगळे साहित्य परक्या मुलुखातून जसेच्या तसे उचलले गेले, आणि ज्या घरात ते मांडले त्या घराचा पाऊस, छप्पर, दप्तर, शेजारपाजार यांच्याकडे कुणी पाहिलेच नाही. ज्या वाचकाला त्या घराची सवय आहे तो घाबरणार कसा?

पुरवणीतील लेखात गॉथिक परंपरेचा दाखला देऊन वाचकांना गप्प केले आहे, म्हणून त्या परंपरेविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. मुंबईकराला गॉथिक हा शब्द भेटतो तो इमारतींमुळे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय या वास्तू आपण रोज पाहतो, आणि २०१८ साली युनेस्कोने फोर्टमधील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. कादंबरीकडेही तो वास्तूकडूनच आला. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही किल्ल्याची कथा १७६४ च्या अखेरीस निघाली ती एका जुन्या इटालियन ग्रंथाचा अनुवाद असल्याची बतावणी करून, आणि पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक आले. सापडलेल्या जुन्या कागदांची युक्ती अशी या प्रकाराच्या जन्मापासूनची आहे, आणि वास्तू हे या कादंबरीतले पहिले पात्र आहे. त्यामुळे वास्तू चुकली तर बाकीचे जमेल कसे, हा आमच्या पर्यवेक्षकांचा प्रश्न परंपरेला धरूनच होता.

वाचकाचा अपेक्षाभंग हीदेखील आजची, मोबाइलच्या काळातली गोष्ट नाही. इंग्रज कादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांची ‘मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ ही गॉथिक कादंबरी १७९४ साली आली. तिच्यात नायिका एमिली एका काळ्या पडद्यामागे पाहते आणि मूर्च्छित पडते. तिने काय पाहिले हे वाचकाला थेट शेवटाकडे, शेकडो पानांनंतर सांगितले आहे, आणि ते म्हणजे मेणाची एक आकृती. त्याच वर्षी ‘क्रिटिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकातल्या परीक्षणात पुस्तकाची वाखाणणी करतानाच अशी तक्रार नोंदवली गेली की, येथे कुतूहल इतके ताणले जाते की त्याचे पुरेसे समाधान होऊच शकत नाही. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनीही १८२० च्या दशकात रॅडक्लिफबाईंची थोरवी मान्य करून त्यांच्या या शेवटच्या खुलाशांविषयी नापसंती दाखवली होती. तेव्हा सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या वाचकाने जी तक्रार केली तीच गोरेगावच्या वाचकाने केली आहे, आणि त्या दोघांत मोबाइलचा काही संबंध नाही.

रॅडक्लिफबाईंच्या बाजूने मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या निधनानंतर १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी दहशत आणि किळसवाणे भय यांत भेद केला आहे: पहिलीने मन विस्तारते, जागे होते, दुसऱ्याने ते आखडते व गोठते. आमच्या वाचकांनी २१२व्या पानापर्यंत जे अनुभवले ते पहिल्या प्रकारचे होते, आणि पुढच्या पानांत मेलेली मांजरे, रक्ताने माखलेले लुगडे, भिंतीतला सांगाडा असे जे ढिगाने येते ते दुसऱ्या. पडद्यामागे मेणाचीच आकृती निघाली तरी वाचक रॅडक्लिफबाईंना क्षमा करू शकतो, कारण तोपर्यंत एमिलीचे मन त्याने आतून पाहिलेले असते. खोली रिकामी निघणे हाही दोष नव्हे. जेन ऑस्टिन यांच्या १८१७ च्या अखेरीस आलेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’त नायिका मध्यरात्री धडधडत्या काळजाने जुन्या कपाटातले कागद काढते आणि सकाळी ती धोब्याची यादी निघते; तिथे त्या यादीतून आपल्याला त्या मुलीचे मन कळते. आपल्या कादंबरीतली रिकामी खोली कुणाविषयीच काही सांगत नाही. ती उघडते, नायिका ‘इथे तर काहीच नाही’ म्हणते आणि प्रकरण संपते. आणि जुळ्यांविषयी बोलायचे तर इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे जे दहा नियम घालून दिले त्यांतला दहावा नियमच असा आहे की, वाचकाची आधी तयारी करून घेतल्याशिवाय जुळे भाऊ आणू नयेत. नियम मोडता येतात, पण तो मोडण्याने काहीतरी हाती लागावे लागते.

या जागी माझ्या स्वतःच्या आठवणीतली एक बंद खोली सांगते, कारण ही कादंबरी मी इतक्या आशेने उघडली होती त्याचे कारण तीच आहे. माझे आजोळ देवगड तालुक्यात आहे. तिथल्या घरात माजघराच्या उजव्या हाताला एक खोली होती आणि तिला कुलूप असे. ती आजोबांच्या चुलतभावाच्या वाट्याची होती. वाटणीवरून बोलणे बंद झाले तेव्हा ते मंडळी मुंबईला निघून गेली आणि जाताना कुलूप लावून गेली. कोकणात अशी हिस्सेदारांची कुलपे घरोघरी आहेत, आणि मुंबईतल्या मराठी वाचकांपैकी अनेकांचे बालपण अशा एखाद्या दाराशेजारून गेले असेल. मे महिन्याच्या सुटीत आम्ही मुले दाराला कान लावून उभी राहत असू. आत उंदीर फिरत, कधी माळ्यावरून माती गळे. त्याची आम्हाला भीती वाटत नसे. भीती वाटे ती याची की, त्या दारापाशी आले की आजीचा आवाज आपोआप खाली जाई, आणि दिवेलागणीला ती साऱ्या घरातून दिवा फिरवी तेव्हा त्या दारापुढे तो पदराआड धरी. का, ते तिने कधी सांगितले नाही. मी बारा-तेरा वर्षांची असताना वाटण्या झाल्या आणि खोली उघडली. आत एक पाळणा होता, भाताची रिकामी कणगी होती आणि खुंटीला एक परकर होता, लहान मुलीचा, त्याला हात लावताच तो विरला. चुलत आजोबांना मुलगी होती हे आम्हाला त्या दिवशी कळले. आजी माजघरात पाठ करून बसली होती आणि तिने मागे वळून पाहिले नाही.

अशी घरे, अशी कुलपे आणि अशी मौने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी वाचनाची गोडी लावली. मतकरींच्या गूढकथा वाचलेल्या वाचकाला ठाऊक असते की साध्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडातही, भर दुपारी, चहाचा कप हातात असताना भीती येऊ शकते. हा वाचक धक्क्यांना चटावलेला नाही. आपल्याला काय हवे आहे हे त्याला नेमके ठाऊक आहे, आणि ते त्याला मराठीत मिळालेले आहे.

कादंबरीत चांगले काही नाही असे मी म्हणत नाही, आणि आमच्या बैठकीतही तसे कुणी म्हटले नाही. नायिका एसटीतून उतरते तो पहिला प्रसंग सुंदर आहे. गाडी वळणाआड गेल्यावरही तिचा आवाज बराच वेळ घाटात ऐकू येत राहतो, आणि तो संपल्यावर तिला कळते की आपल्याला घ्यायला आलेला गडी मघापासून शेजारीच उभा होता. सासू रोज रात्री एक ताट जास्त वाढते आणि सकाळी ते मुकाट्याने गाईला घालते, ही कल्पनाही मनात घर करून राहते. महाविद्यालयात शिकणारी आमची एक वाचक म्हणाली की त्या ताटासाठीच तिने पुस्तक संपवले आणि ते ताट कुणाचे होते हे लेखक शेवटी सांगायचेच विसरला. जुळा भाऊ चोरवाटेने येऊन बाजारातले पाव-अंडी खातो असे ३०१व्या पानानंतर आपल्याला कळते, म्हणजे ते ताट त्याचेही नव्हते. ज्याने तो पहिला प्रसंग लिहिला त्याच्या हातून हे व्हावे, म्हणूनच लोक इतके हळहळले. सुमार पुस्तकाबद्दल इतके कुणी बोलत नाही. ते परत करतात आणि दुसरे मागतात.

माझी तक्रार लेखकापेक्षा ज्यांनी हे हस्तलिखित छापखान्यात जाऊ दिले त्यांच्याविषयी अधिक आहे. ताटाचा हिशेब लागत नाही, चंद्र चुकीच्या वेळी उगवतो, जुळ्याला पूर्वसूचना नाही, या गोष्टी हस्तलिखित एकदा नीट वाचणाऱ्या संपादकाच्या नजरेतून सुटणाऱ्या नाहीत. याच मुंबईत, गिरगावच्या खटाववाडीत, मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत यांनी लेखकाशी बोलून, पुनःपुन्हा लिहायला लावून पुस्तके घडवली, आणि मोठमोठ्या लेखकांनी ते आनंदाने मानले. ती मेहनत गंभीर साहित्यासाठीच असते आणि रहस्यकादंबरी कशीही चालते, असे जर आज कुणी मानत असेल तर ते चूक आहे. उलट जिथे वाचकाला फसवायचे आहे तिथे एकेक धागा अधिक काळजीने तपासावा लागतो. पुस्तकाची किंमत साडेचारशे रुपये आहे. आमच्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या लहान वाचनालयाने दोन प्रती घेतल्या, म्हणजे त्या महिन्यात बालविभागाची खरेदी थांबवली. तो निर्णय माझाच होता आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्या वर्तमानपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. पुरवणीतील लेख ज्यांनी लिहिला त्यांनी कादंबरी पूर्ण वाचली असावी असे मी धरून चालते, तरीही त्या लेखात २१२व्या पानापुढच्या एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही. पुस्तक कुठे जमले आणि कुठे फसले हे पान दाखवून सांगणारे परीक्षण आपण छापावे, मग ते पुस्तक रहस्यकथेचे का असेना, आणि ते परीक्षण प्रतिकूल असले तरी छापावे. ज्या वाचकांना लेखात अधीर म्हटले गेले त्यांच्या प्रतिक्रियाही निवडून, आवश्यक तर कात्री लावून, प्रसिद्ध कराव्यात. बैठकीतल्या सतरा जणांपैकी नऊ जणांनी आपले म्हणणे मला लिहून दिले आहे, ते या पत्रासोबत जोडत आहे. त्यातले सर्वांत लहान चार ओळींचे आहे, आजींचे साडेपाच पानांचे.

कादंबरीकारांनी आमच्या बैठकीला यावे अशी सर्वांची इच्छा आहे आणि तसे पत्र मी त्यांच्या प्रकाशकांकडे पाठवले आहे. बैठक दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता असते. आजींच्या पेन्सिलच्या खुणा असलेली प्रत मी अद्याप देवघेवीला लावलेली नाही; लेखकांना ती पाहायची असेल तर टेबलाच्या खणात त्यांच्यासाठी काढून ठेवली आहे, आणि ताट कुणाचे होते हे त्यांनी त्या मुलीला सांगावे.

कळावे,

आपली नम्र,
देवघेव विभागातील एक कर्मचारी
गोरेगाव (पश्चिम), मुंबई